मंगलच्या वर्गात माझी हजेरी

आमच्या घरात ऑनलाइन वर्गात साफ नापास झालेला एकच माणूस आहे, आणि त्या माणसाचं त्या वर्गात नावच नव्हतं.

तो माणूस म्हणजे मी. वर्ग माझ्या बायकोचा होता.

तेव्हा मी पोलादपूरच्या एका हायस्कुलात गणित शिकवत होतो. राहायला आम्ही महाडला. शाळा सकाळची, त्यामुळे दीडच्या एसटीने मी दोन-सव्वादोनला घरी पोचायचो. (पुढे जे घडलं त्याचं मूळ या वेळापत्रकात आहे. शाळा दुपारची असती तर आमच्या संसारातला हा सगळा अध्याय टळला असता!) दोन हजार साल उलटून सात-आठ वर्षं झाली होती. आमच्या आळीत नुकतंच इंटरनेट आलं होतं, तेही फोनच्या तारेतून आणि मर्जी असेल तेव्हा. वरंधच्या बाजूला वीज चमकली की इकडे आमचा मोडेम आजारी पडायचा.

घरात कॉम्प्युटर होता तो स्वातीचा, म्हणजे आमच्या मुलीचा. ती शिकायला पुण्याला गेली आणि कॉम्प्युटर मागे राहिला. वर्षभर त्यावर क्रोशाचं आच्छादन घालून आम्ही तो नीट सांभाळला. मग एक दिवस स्वातीचा फोन आला.

"आई, इथल्या एका संस्थेचा बालवाडी शिक्षिकेचा कोर्स आहे. ऑनलाइन! घरी बसून करायचा. आठवड्यातून तीन दिवस, तीन ते चार."

मंगलने फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "या वयात?"

हे दोन शब्द मी उच्चारले नसते तर कदाचित तिने नाव घातलं नसतं. मंगल तेव्हा बेचाळीस वर्षांची. माहेर पोलादपूरपलीकडच्या कापडे गावचं. बारावी झाली आणि लगेच माझ्याशी लग्न झालं, पुढचं शिक्षण राहून गेलं. पण पोरांचं वेड पहिल्यापासून. आळीतलं कुठलंही रडतं मूल तिच्या मांडीवर दिलं की दोन मिनिटांत गप्प. आमच्याजवळच एक नवी बालवाडी निघाली होती. तिथल्या मोठ्या बाई मंगलला म्हणाल्या होत्या, "ताई, तुमच्यासारखीच बाई हवी आहे हो. पण कागद लागतो. जूनपर्यंत पदविका मिळवा, जागा तुमची." ही गोष्ट मंगलने मला सांगितली तेव्हा मी पेपर वाचत होतो, आणि "हं" म्हणालो होतो.

तर मंगलने नाव घातलं. आणि मी, घरातला एकमेव अधिकृत शिक्षक, तिला यशस्वी विद्यार्थिनी बनवायच्या कामाला लागलो.

सगळ्यात आधी मी एक तक्ता केला. 'यशस्वी विद्यार्थ्याची अकरा लक्षणे.' सुवाच्य अक्षरात, लाल शाईने अधोरेखित. ताठ बसावे. विचारल्याशिवाय बोलू नये. शंका वर्ग संपल्यावर विचाराव्यात. तक्ता कॉम्प्युटरच्या वर भिंतीला चिकटवला.

मंगलने तो शांतपणे वाचला. "अहो, यात 'शिकावे' असं कुठे लिहिलंय?"

"ते गृहीत आहे," मी म्हटलं.

पहिला वर्ग जानेवारीत सुरू झाला. पडद्यावर चौकोन आला, त्यात परांजपे मॅडमचा फोटो. आवाज स्पीकरमधून येई, आणि आपल्याला बोलायचं असलं की माईकचं चित्र दाबायचं. बाकीच्या तीस-बत्तीस बायकांची फक्त नावं दिसत. मंगल नवी साडी नेसून बसली होती. (कॅमेरा नाही हे मी तिला तीनदा सांगितलं. ती म्हणाली, "मला तर दिसते ना मी!") मी तिच्या खुर्चीमागे, हात पाठीशी बांधून, परीक्षेच्या हॉलमधल्या पर्यवेक्षकासारखा उभा.

"आता गुड आफ्टरनून म्हण," मी सांगितलं. "थांब! आधी नाही. त्या म्हणाल्या की म्हण. वाकू नकोस. 'आफ्टर' म्हण, 'आप्टर' नाही. आणि पहिल्याच दिवशी प्रश्न विचारून हसं करून घेऊ नकोस!"

तेवढ्यात खिडकीखाली सुकी मासळी विकणारी मावशी आली. "सुकट घ्या, सोडे घ्याऽऽ!"

"तिला थांबव," मंगल कुजबुजली. "गेल्या खेपेचं सुकट रेतीचं होतं म्हणावं."

मी खिडकीतून डोकं बाहेर काढून ही तक्रार खणखणीत आवाजात मांडली. मावशीने तितक्याच खणखणीत आवाजात माझ्या डोळ्यांची तपासणी करून घ्यायला सांगितलं. मी परत वळलो तर स्पीकरमधून परांजपे मॅडमचा आवाज येत होता.

"मंगलताई, तुमचा माईक मघापासून चालू आहे. आम्ही सगळं ऐकतोय. ते मागचे गृहस्थ कोण आहेत? त्यांना जरा पाणी द्या."

पडद्यावर बत्तीस ठिकाणांहून हसऱ्या पिवळ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. नागपूरच्या एका बाईने लिहिलं, 'सोडे कसे दिले?'

मला वाटलं, झालं! आता ही वर्गात परत बसायची नाही. पण मंगल स्वतःच हसली, माईकजवळ वाकली (ताठ बसली नाही!) आणि म्हणाली, "ते आमच्या घरातले आहेत, मॅडम. हायस्कुलात शिकवतात. आणि मला एक विचारायचंय. मला हे हात वर करायचं बटण सापडत नाहीये."

पहिल्याच वर्गात पहिला प्रश्न! आणि मॅडम चक्क खूश झाल्या. "विचारलंत ते बरं झालं. अजून दहा जणींना सापडलेलं नसणार." खरोखर, लगेच अकरा जणींनी लिहिलं, 'आम्हालाही नाही.' सगळ्या अंदाजे बसल्या होत्या, माझ्या तक्त्याप्रमाणे ताठ आणि गप्प!

त्यानंतर माझी नेमणूक स्वयंपाकघरात झाली.

तिथून कानावर येत होतं त्यावरून मी जे समजलो ते असं : मंगल वेळेच्या दहा मिनिटं आधी बसायची. वीज कुठल्या दिवशी कधी जाणार हे ती वीज कार्यालयातल्या माणसाला फोन करून विचारायची. तो इतका सरावला की पुढे पुढे तोच फोन करून सांगायचा, "वहिनी, उद्या तुमच्या वर्गाच्या वेळेला लाइट हाय." न समजलेलं ती तिथल्या तिथे विचारायची. आणि शिकलेलं त्याच संध्याकाळी आळीतल्या पोरांवर करून बघायची.

'घरातल्या वस्तूंपासून शैक्षणिक साधने' असा गृहपाठ आला तेव्हा मात्र माझ्यावर संक्रांत आली. माझा फळ्यावरचा मोठा कंपास गेला, त्याचा जिराफ झाला. माझ्या पायमोज्यांच्या बाहुल्या झाल्या. बुद्धिबळाच्या घोड्याला निळा रंग लागला. मी कुरकुर केली तर म्हणाली, "अहो, तुम्ही पण घरातली वस्तूच ना!" त्या गृहपाठाला मॅडमनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. मी शाळेत जाऊन स्टाफरूममध्ये तीन जणांना सांगितलं की जिराफाची मूळ कल्पना माझी.

एप्रिलपर्यंत तिच्या दोन गैरहजेऱ्या झाल्या होत्या. एक सुरुवातीला वीज गेल्यामुळे, दुसरी वळवाच्या पावसात फोनची तार तुटल्यामुळे. तिसरी झाली की परीक्षेला बसता येणार नाही, असा संस्थेचा नियम होता. आणि नेमक्या अशा वेळी, माझ्या शाळेला सुट्टी असलेल्या दिवशी, कापड्याहून सकाळी निरोप आला. सासूबाई माळ्यावरून कांदे काढताना शिडीवरून घसरल्या, पाय सुजलाय.

मंगलने पिशवी भरली. तिचा चेहरा उतरला होता. आईची काळजी होती आणि त्याच दिवशी तीनला वर्ग.

"तू निर्धास्त जा," मी म्हटलं. "वर्गाचं मी बघतो."

ती दारात थबकली. "तुम्ही काही बघू नका. वाटेत मॅडमना फोन करते मी."

"बरं, बरं," मी म्हणालो. पण मनात म्हटलं, ही भोळी आहे! नियम म्हणजे नियम. फोनवर कोण कुणाचं ऐकतं? मी पंचवीस वर्षं हजेरीपट भरतोय, मला माहीत आहे. गैरहजर तो गैरहजर! नवरा म्हणून माझं काही कर्तव्य आहे की नाही?

बरोबर तीनला मी मंगल होऊन वर्गात बसलो.

मॅडमनी हजेरी घेतली. मी टाइप केलं, 'उपस्थित.' मग मॅडम म्हणाल्या, "अरे वा, मंगलताई! आज तुम्ही आलात? बोला ना, माईक सुरू करा."

मी माईकचं चित्र दाबलं, श्वास रोखून बसलो, आणि टाइप केलं, 'माईक बिघडला आहे.'

"हो का? असू दे. मग तुम्ही लिहूनच उत्तरं द्या. आज मी जास्त प्रश्न तुम्हालाच विचारणार आहे."

मला धन्य वाटलं. पाव शतकाचा अध्यापनाचा अनुभव एका बालवाडीच्या प्रश्नांपुढे! दोन्ही बाह्या सरसावल्या.

पहिला प्रश्न : चार वर्षांचं मूल पहिल्याच दिवशी दाराला घट्ट धरून रडतंय, आत येत नाही. काय कराल?

मी लिहिलं, 'त्यास शांत राहण्याची सूचना द्यावी. न ऐकल्यास पालकांची चिठ्ठी आणावयास सांगावे.'

"मंगलताई, मूल चार वर्षांचं आहे."

'तर मग पालकांनाच समक्ष बोलवावे व समज द्यावी.'

"पालक दाराशीच उभे आहेत हो. तेही रडतायत."

याचं उत्तर माझ्या बी.एड.च्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मी लिहिलं, 'दोघांची नावे टिपून घ्यावीत.'

दुसरा प्रश्न : मुलाने रंगीत खडू खाल्ला.

'कोणता रंग खाल्ला याची नोंद करावी व उरलेले खडू मोजावेत.'

पडद्यावर कुणीच काही लिहीत नव्हतं. मला वाटलं, सगळ्या प्रभावित झाल्यात. तिसरा प्रश्न होता, दोन मुलं एकाच बाहुलीसाठी भांडतायत. मी 'अर्धी अर्धी' असं लिहीतच होतो, तेवढ्यात दारातून सलीमभाईंची हाक आली.

सलीमभाई आमचे शेजारी. दोन ट्रक होते त्यांचे. आवाज ट्रकच्या इंजिनावर मात करायला तयार झालेला, तो घरातही तसाच. "सर! हायत का घरात? भाभींच्या आईचं ऐकलं मी. कशी हाय तब्येत?"

"या, या सलीमभाई!" मीही त्याच पट्टीत ओरडलो. "पाय मुरगळलाय, बाकी ठीक. मंगल गेलीय कापड्याला. मी इथे तिच्या नावाने वर्गात बसलोय. मॅडमना काय पत्ता लागतोय! बायकांचा वर्ग आहे, प्रश्न अगदी किरकोळ!"

आणि बोलता बोलता माझी नजर पडद्यावर गेली. माईकचं चित्र हिरवं होतं. मघाशी बिघडला आहे हे दाखवण्यासाठी दाबला, तो परत बंद करायचा राहिला होता!

स्पीकरमधून परांजपे मॅडमचा आवाज आला. अगदी शांत. "नमस्कार, सर."

सलीमभाई पडद्याकडे बघून दोन पावलं मागे सरले. मी आयुष्यात पहिल्यांदाच वर्गात हात वर केला. बटण न वापरता, खराखुरा.

"सर, आज आमच्या प्राचार्या बाईही वर्ग ऐकत होत्या," मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्याच्या नावाने वर्गात बसणं हा प्रकार गंभीर आहे. मंगलताईंचं काय करायचं, ते त्या ठरवतील."

पडदा मिटला. सलीमभाई बराच वेळ काही बोलले नाहीत. (ही घटना आळीत ऐतिहासिक मानली जाते.) मग म्हणाले, "सर, भाभी चार महिने राबल्या. तुम्ही एका तासात बुडवलात त्यांना."

मी चारची एसटी पकडली. महाड ते पोलादपूर, तिथून कापड्याची गाडी. रोज ज्या रस्त्याने शिकवायला जायचो, त्याच रस्त्याने तोंड काळं करून निघालो होतो. वाटेत सतरा वाक्यं तयार केली, सतराही 'मला वाटलं' ने सुरू होणारी. खिडकीशेजारच्या बाईने विचारलं, "कोण गेला काय हो तुमच्याकडचा?" इतका माझा चेहरा पडला होता.

कापड्याला पोचलो तर अंगणात वेगळंच दृश्य. सासूबाई बाजेवर पाय पसरून बसलेल्या, पायाला हळदीचा लेप. आणि समोर मंगल, भोवती वाडीतली सात-आठ पोरं. पेंढ्याच्या काड्या, चिंचोके, नदीतले गोटे मांडून खेळ रंगात आलेला. एक नाकातून शेंबूड गळणारं पोर अभिमानाने सांगत होतं, "माज्याकडं नऊ हायत!" आणि मंगल त्याच्याकडे अशी बघत होती, जणू त्याने चंद्रावर पाय ठेवलाय.

"बसा जावयबापू," सासूबाई म्हणाल्या. "पाय माझा मुरगळला नि तोंड तुमचा का पडलाय?"

मी सगळं सांगून टाकलं. सतरा वाक्यांतलं एकही आठवलं नाही, त्यामुळे खरं तेच सांगावं लागलं. पोरंही ऐकत बसली. सांगून झाल्यावर मंगल हळूच म्हणाली, "अहो, मी सकाळी पोलादपूरच्या स्टँडवरून मॅडमशी बोलले होते."

"काय?"

"त्या म्हणाल्या, आईकडे जा. गावातल्या पोरांना घेऊन काही करा, ते लिहून पाठवा. प्रात्यक्षिक म्हणून धरू. गैरहजेरी लागणार नाही."

"म्हणजे... मी वर्गात आलो तेव्हा त्यांना माहीत होतं?"

"पहिल्या 'उपस्थित'पासून."

"मग मला ते प्रश्न कशाला विचारले?"

सासूबाईंना आता हसू आवरत नव्हतं. बाज करकरत होती. "अगो मंगल, खडू मोजायचा काय सांगितलान गो ह्यांनी? परत सांगायला लाव!"

मंगल मात्र हसली नाही. तिला दिसत होतं, मॅडमनी मजा केली असेल, पण प्राचार्या मजा करणाऱ्या नव्हत्या. ती उठली, पदर खोचला आणि वाण्याच्या दुकानातल्या फोनकडे निघाली. मी मागोमाग. तिने पुण्याला प्राचार्यांना फोन लावला. मी म्हटलं, "मी बोलतो, माझी चूक आहे." तिने एक बोट वर केलं. बालवाडीतलं! मी गप्प झालो.

"बाई, मी मंगल बोलतेय, खरी," ती म्हणाली. "चूक यांची आहे. मी सांगूनही यांनी केलं. पण हे माझेच आहेत, म्हणून माफी मी मागते. मला वर्गातून काढायचं असेल तर काढा. पण चार महिन्यांत जे शिकले ते माझं मी शिकलेय. ते तपासून बघा आणि मग काढा."

कापड्याच्या वाण्याच्या दुकानात, गुळाच्या ढेपेला टेकून मी उभा होतो. पंचवीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने माझ्यासाठी असं कुणाला ऐकवलं नव्हतं. मी ढेपेकडे तोंड फिरवलं. (वाणी म्हणतो, मी ढेपेतला गूळ खाल्ला. ते खोटं आहे. फार थोडा खाल्ला.)

प्राचार्यांनी निकाल दिला. माझ्याकडून लेखी माफी, आणि मंगलची तोंडी परीक्षा कॅमेऱ्यासमोर. म्हणजे बसलेली बाई मंगलच आहे याची खात्री. चार मुलांना घेऊन दहा मिनिटांचा पाठ घ्यायचा, तोही कॅमेऱ्यासमोरच. माफीनामा मी दोन पानी लिहिला. तो व्याकरणाच्या तीन चुका दाखवून परत आला. पुन्हा लिहिला.

आता कॅमेरा कुठून आणायचा? तर सलीमभाईंच्या घरी होता. त्यांचा मुलगा शारजाला, त्याला दर शुक्रवारी बघता यावं म्हणून त्यांनी कॉम्प्युटर, कॅमेरा, इन्व्हर्टर असा सगळा सरंजाम घेतला होता. झुबेदाभाभींनी परीक्षेसाठी आतली खोली रिकामी केली, खिडक्यांवर आणि दारावरही जाड पडदे लावले, म्हणजे बाहेरचा आवाज नको. नात आयेशा आणि आळीतली तीन पोरं, अशी चार मुलं न्हाऊमाखू घालून तयार.

"आणि सर कुठे थांबणार?" झुबेदाभाभींनी विचारलं.

"बाहेरच्या खोलीत," मंगल म्हणाली. "कशालाही हात न लावता."

परीक्षा सुरू झाली. मे महिना, भर दुपार, आणि ठरल्याप्रमाणे वीज गेलेली. इन्व्हर्टर मात्र इमानाने चालू. मी बाहेर खुर्चीवर बसून दारातून ऐकत होतो. मंगल एकेक उत्तर देत होती, न अडखळता. रडणाऱ्या मुलाचा प्रश्न आलाच. ती म्हणाली, "मी पण दाराशी जाऊन बसेन. त्याला आत यायची घाई नाही, तर मलाही नाही." एवढंच! मला वाटलं, आपल्याला हे का सुचलं नाही? दहा वर्षांपूर्वी आठवीतला एक मुलगा माझ्या वर्गाच्या दाराशी रोज रेंगाळायचा, त्याच्याकडे मी पालकांची चिठ्ठी मागत राहिलो होतो.

आतून पाठ सुरू झाल्याचा आवाज आला. 'जड आणि हलकं.' मला घाम फुटला होता. आणि घाम आला की माणूस पंखा शोधतो. समोर कोपऱ्यात सलीमभाईंचा कूलर होता, आणि त्याचं तोंड बरोबर आतल्या खोलीकडे! बिचारी मंगल आत उकडून निघत असेल. हात लावायचा नाही हे ठीक, पण कूलर लावण्याला कोण हात लावणं म्हणतं? मी बटण दाबलं.

कूलरने एक मोठा उसासा टाकला. इन्व्हर्टरने तीनदा 'कुँक' केलं. आणि सगळं घर बंद पडलं.

आत गडद काळोख. जाड पडदे, बंद खिडक्या. एक पोर रडायला लागलं. मी धडपडत आत शिरलो आणि कूलरची पिन काढायला गुडघ्यांवर बसलो, कारण ती नेमकी आतल्या खोलीच्या भिंतीत होती.

"सर, कूलर तुम्ही लावलात?" सलीमभाई दारातून गरजले.

"उकडत होतं हो!"

मंगलचा आवाज मात्र हलला नाही. "भाभी, पडदे राहू देत. फोन तेवढा इकडे द्या." फोनला वीज लागत नाही, हे त्या घरात फक्त तिलाच सुचलं. लांब तारेचा फोन आत आला. परीक्षेच्या पत्रावरचा नंबर भाभींनी दारातल्या उजेडात वाचला. "बाई, वीज गेली. पाठ चालूच आहे, तुम्ही ऐका," असं म्हणून तिने रिसीव्हर चटईवर ठेवला आणि मुलांना म्हणाली, "आता गंमत! डोळ्यांनी नाही, हातांनी बघायचं. जे हाताला लागेल ते जड की हलकं, सांगा!"

रडणं थांबलं. पिसं, वाट्या, बटाटे, चिंचोके हाताला लागू लागले. "हलकं!" "जड!" पोरं खिदळत होती. आयेशा काळोखात हात पसरून पुढे सरकत होती, आणि तिचे दोन्ही तळवे माझ्या डोक्यावर येऊन थांबले. मी भिंतीशी गुडघ्यांवर, पिन हातात. डोक्यावर केस असे काही उरलेले नव्हतेच.

"टीचर, नारळ!" ती आनंदाने ओरडली.

मंगल एक क्षण थांबली. तिला कळलं होतं. पण पाठ म्हणजे पाठ! "शाब्बास! मग उचलून बघ. जड की हलकं?"

आयेशाने माझं डोकं दोन्ही हातांनी चाचपलं, जरा हलवून बघितलं, आणि निकाल दिला : "हलकं! आत पाणी नाहीये."

चटईवरच्या रिसीव्हरमधून पुण्याच्या दोन परीक्षक बायकांच्या हसण्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. हसू ओसरल्यावर प्राचार्या म्हणाल्या, "मंगलताई, कॅमेऱ्याची गरज नाही. आवाज ओळखला आम्ही. नारळ कोण, तेही ओळखलं."

निकाल आठवड्याने लागला. मंगल पहिल्या वर्गात उत्तीर्ण. तिच्या तुकडीत सगळ्यात जास्त गुण तोंडी परीक्षेत तिलाच! कागदावर तिचं स्वतःचं नाव, आईने ठेवलेलं. सासूबाईंनी पाय ओढत महाडला येऊन तो कागद हातात घेतला. वाचता येत नव्हतं त्यांना. उलटसुलट करून बघितला, डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "माझी पोर मास्तरीण झाली गो!" मग माझ्याकडे बघून, समजूत काढल्यासारखं, "तुम्ही पण बरेच हाव."

जूनमध्ये मंगल बालवाडीत रुजू झाली. आम्ही बाजारात निघालो की चार पावलांवर कुठलंसं पोर तिच्या पदराला लटकतं. "टीचर!" आणि त्याची आई मला विचारते, "तुम्ही टीचरचे मिस्टर का?" पंचवीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला हा प्रश्न झोंबावा. मला झोंबत नाही. मी छाती काढून "हो" म्हणतो, आणि न विचारता जिराफाची गोष्टही सांगतो.

पुढच्या वर्षी परांजपे मॅडमनी मंगलला नव्या तुकडीसमोर बोलायला बोलावलं. ऑनलाइनच. विषय होता, 'यशस्वी विद्यार्थिनी कसं व्हावं.' तिच्या शेजारी झुबेदाभाभी बसल्या होत्या. मंगल म्हणाली, वेळेवर बसा, अडलं की लाज न बाळगता विचारा, शिकलेलं त्याच दिवशी करून बघा. आणि वर्गाच्या वेळेला नवऱ्याला कोथिंबीर आणायला पाठवा, म्हणजे मन लागतं.

हे सगळं मला नंतर झुबेदाभाभींकडून कळलं. मी तेव्हा बाजारात होतो, कोथिंबीर निवडत.